बन्सीधररावांचा बगलूस

परभणीच्या अदालतीसमोर चिंचेच्या झाडाखाली बन्सीधरराव अर्जनवीस बसत. पुढ्यात उतरत्या झाकणाची लाकडी पेटी, पेटीवर दौत, कानावर बोरू. ज्याचं सरकारात काम आहे आणि ज्याला उर्दू लिहिता येत नाही, त्याचा अर्ज ते लिहून देत. निजामाच्या राज्यात अशी माणसं घरोघर होती, त्यामुळे धंदा बरा चालला होता. पण जिल्ह्यात त्यांचं नाव अर्जांपेक्षा दुसऱ्याच कारणानं घेतलं जाई. संध्याकाळच्या सरकारी दावतीला पुरुषानं काय घालून जावं, हे सांगणारा सेलूपासून पालमपर्यंत एकच माणूस होता, आणि तो म्हणजे बन्सीधरराव.

ही गोष्ट पुढं ते स्वतःच सांगत. सांगताना स्वतःला एवढं झोडपत, की ऐकणाऱ्याला हात उगारायला जागाच उरत नसे.

पंचविशीत ते वकिलीच्या परीक्षेसाठी दोन वर्षं हैदराबादेत राहिले होते. परीक्षा दोनदा दिली, दोन्हीदा नापास झाले. त्या दोन वर्षांत पुस्तकापेक्षा त्यांचं लक्ष खिडकीकडेच जास्त होतं, कारण खोलीसमोरच एका जहागीरदाराची देवढी, म्हणजे मोठा वाडा, होती. दावतीच्या दिवशी दिवस मावळायच्या सुमाराला समोरच्या फाटकातून माणसं आत जाऊ लागत. पांढरीशुभ्र अचकन, डोक्याला लाल पट्टीचा पांढरा साफा, कमरेला लाल पटका, पटक्यावर चकचकीत पितळी बिल्ला. सगळे वेळेवर येत. कुणी हसत नसे, कुणाच्या तोंडात पान नसे. बन्सीधररावांनी मान हलवून स्वतःशी म्हटलं होतं, ‘याला म्हणतात खानदान.’

परभणीला परत आल्यावर हैदराबाद पाहून आलेला माणूस म्हणून लोक त्यांना विचारू लागले, आणि ते सांगू लागले. पेहरावाबरोबर चालरीतही सांगत. दावतीला वेळेआधी जावं. हात पुढं बांधून उभं राहावं. हसू नये. कुणी विचारल्याशिवाय बोलू नये.

वालूरचे धोंडप्पा हे सरकी आणि तेलाचे व्यापारी. स्वभावानं शांत, अंगानं भरलेले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. अव्वल तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचे कलेक्टर, यांच्या बंगल्यावरच्या दावतीचं कार्ड त्यांना आलं, तेव्हा ते दमणी जुंपून सेलूला आले आणि तिथून आगगाडीनं थेट चिंचेखाली. कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरात पेहराव लिहिला होता: दस्तार व बगलूस.

“दस्तार म्हंजी पगडी, हे कळालं,” धोंडप्पा म्हणाले. “पन ह्ये बगलूस काय जनावर हाय, बन्सीधरराव?”

बगलूस हा शब्द बन्सीधररावांनीही आजच पहिल्यांदा वाचला होता. पण ‘मला माहीत नाही’ असं म्हणायची त्यांना सवय नव्हती. परीक्षेतसुद्धा त्यांनी कधी कोरा कागद दिला नव्हता. तपासणाराचा राग त्यामुळेच वाढला असावा, असं ते पुढं म्हणत.

“कमरंचा पटका,” ते ठामपणे म्हणाले. “लाल. त्याच्यावर पितळी बिल्ला, पोटाच्या बरोबर मधी. बिल्ल्याबिगर बगलूस म्हंजी कुंकवाबिगर कपाळ.”

“आन् आमच्या गळ्यात लिंग असतंय, चांदीच्या डबीत. गुंड्या गळ्यापस्तोर लावल्या तं डबी छातीत रुतती.”

“शिंप्याला छातीत चार बोटं ढिलं ठिवायला सांगा.”

धोंडप्पांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. बिल्ल्यावर त्यांनी नंदी कोरून घेतला. दावतीनंतर चार दिवसांनी ते तुपाची बरणी घेऊन चिंचेखाली आले.

“कसं झालं, आप्पा?”

“लय मान मिळाला,” धोंडप्पा म्हणाले. “थेट साहेबाच्या मेजापस्तोर नेलं. तिथून मला हलूच देईनात.”

बन्सीधररावांची छाती त्या दिवशी चार बोटं ढिली न ठेवताही फुगली. बातमी पसरली. पालमकडचे माणिकराव देशमुख, ज्यांच्या मिशीला पीळ देणारा माणूस वेगळा ठेवलाय अशी गावात थट्टा चाले, तेही एक दिवस येऊन विचारून गेले. त्यांनी बिल्ल्यावर तलवार कोरायची ठरवली.

मग साल आलं तेराशे सेहेचाळीस फसली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे छत्तीस-सदतीस. औरंगाबादेहून सुभेदारसाहेब दौऱ्यावर येणार होते. अव्वल तालुकदारांनी त्यांच्यासाठी संध्याकाळची दावत ठेवली, आणि जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी व शेतकऱ्यांनी सुभेदारांना सिपासनामा, म्हणजे स्वागताचं पत्र, वाचून दाखवायचं ठरलं. तो लिहिला बन्सीधररावांनी. सेलूच्या बैठकीत धोंडप्पा म्हणाले, “ज्यानं लिवला त्यानंच वाचावा. आमी वाचला तं साहेबाला वाटंल शिव्या द्यायलाय.” असं बन्सीधररावांच्या नावानं जन्मातलं पहिलं कार्ड आलं.

नर्मदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं.

“अवो, तुमी आजपस्तोर किती दावतींला गेला?”

“जायची काय गरज? मी दुसऱ्याला रस्ता दाखवितो.”

“व्हय. मैलाचा दगड बी रस्ता दाखवितो. जागचा हलत न्हाई.”

अचकन शिवायला टाकताना शिंप्यानं माप घ्यायला फीत काढली, तेव्हा बन्सीधरराव म्हणाले होते, “माप मला पाठ हाय.” पाठ होतं ते हैदराबादेतलं. दावतीच्या दिवशी नर्मदाबाईंनी दोन्ही हातांनी अचकन ओढून धरली आणि बन्सीधररावांनी श्वास आत घेऊन गुंड्या लावल्या. सातही लागल्या, पण नंतर श्वास बाहेर सोडायची सोय राहिली नाही. वर लाल पटका बांधला आणि बिल्ला बेंबीवर बसवला. सिपासनाम्याचा कागद आधीच आतल्या खिशात ठेवला होता, अचकनीच्याही आत, बंडीत. घामानं शाई पुसू नये म्हणून त्याच्यावर केळीचं पान गुंडाळलं होतं.

“कसा दिसतो?”

“वाजंत्र्यातला दिसता,” नर्मदाबाई म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा पाहून जरा नरमल्या. “चांगले दिसता. जावा आता.”

दिवस मावळतीला ते बंगल्याशी पोचले. फाटकावर गॅसबत्त्या लावल्या होत्या, आणि आत मांडवाखाली पांढऱ्या चादरींची मेजं दिसत होती. पहारेकऱ्यानं त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि कार्ड काढायच्या आतच हात केला.

“इधर कहाँ? पीछे से जाव, पीछे से.”

बन्सीधरराव खूश झाले. खास पाहुण्यांना वेगळं फाटक असणारच. बंगल्याला वळसा घालून ते मागच्या बाजूला गेले. तिथं तसंच दणकट लाकडी फाटक, तसंच झपझप आत शिरणारे लोक, पांढऱ्या अचकनी, लाल पटके. त्यांना अगदी हैदराबादेतल्या खिडकीत बसल्यासारखं वाटलं. माणसं ओळीनं आत जात होती. तेही ओळीत शिरले आणि आत गेले.

आत चुली पेटल्या होत्या.

सात-आठ देगा रटरटत होत्या. कांदे परतल्याचा धूर डोळ्यांत जात होता. पांढरी दाढी राखलेला एक खानसामा पळी हातात घेऊन सगळ्यांवर ओरडत होता. बन्सीधररावांना पाहताच तो ओरडला, “इत्ती देर? पकडो!” आणि त्यांच्या दोन्ही हातांवर सरबताच्या बारा पेल्यांचं तबक येऊन पडलं.

बन्सीधररावांनी डावीकडं पाहिलं. शेजारच्या माणसाच्या हातात तबक. उजवीकडं पाहिलं, त्याच्याही हातात तबक. पांढरी अचकन, लाल पटका, पितळी बिल्ला. बिल्ल्यावर नंबर.

पंधरा वर्षांचं सगळं ज्ञान त्या एका क्षणात उलटं फिरलं. देवढीला पुढचंही फाटक असणार. ते दुसऱ्या गल्लीत असणार. उमराव तिकडून जात असणार. आपण दोन वर्षं बसून जे खानदान पाहिलं, ते वाढपी होते. आणि ते हसत नव्हते, कारण हसले असते तर नोकरी गेली असती.

तबक खाली ठेवून पळावं, असं त्यांच्या मनात आलं. पण पळायला श्वास लागतो, आणि तो गुंड्यांनी अडवला होता. मागून खानसामानं ढोसलं, “चलो, चलो!” आणि पुढच्या माणसामागून ते मांडवात गेले.

तिथं मेजांभोवती खरे पाहुणे बसले होते. काळ्या, गर्द निळ्या शेरवान्या, गळ्यापर्यंत बंद. डोक्यावर घट्ट बांधलेल्या चपट्या दस्तारी. आणि कमरेला बोटभर रुंदीचा, जरीचा, पुढं सोनेरी कडीचा सडपातळ पट्टा. बगलूस म्हणायचं ते हे. त्याच्यावर बिल्ला कुठंही नव्हता.

“उजवीकून फिरा,” शेजारून ओळखीचा आवाज आला. “तिकडल्या मेजाला सरबत पोचलं न्हाई अजून.”

धोंडप्पा होते. भस्म लावलेलं, छातीत चार बोटं ढिली अचकन, पोटावर नंदी, हातात पेरू आणि केळ्यांचं ताट. चेहऱ्यावर जरासुद्धा लाज नव्हती.

“आप्पा!” बन्सीधरराव तबकाआडून पुटपुटले. “तुमी बी? कवापासून?”

“गेल्या सालीबी हेच करायलो व्हतो. म्हणलं न्हाई का, मेजापस्तोर नेलं म्हणून?” धोंडप्पांनी एका पाहुण्यापुढं ताट वाकवलं, पाहुण्यानं केळं उचललं. “मी फळांचंच ताट धरतो. मटणाला हात लावणार न्हाई, हे खानसामाला पैलेच सांगून ठिवलंय.”

“आन् मला बोलला न्हाई?”

“काय बोलायचं? तुमी इतक्या मनापासून सांगितलं व्हतं.”

“मग यंदा नीट कपडे घालून यायचं!”

धोंडप्पा त्यांच्याकडं वळले. “बन्सीधरराव, मेजावर बसलेल्याला शेजारचाच माणूस ऐकू येतो. ताट धरलेल्याला समदं मेज ऐकू येतं. देवगाव फाट्याचा रस्ता कुणामुळं अडलाय, ते मला गेल्या साली हितंच कळालं. पाहुणा झालो असतो तं कळालं असतं का?”

मांडवाच्या कोपऱ्यात मात्र माणिकराव देशमुख उभे होते. त्यांनी तबक घ्यायला साफ नकार दिला होता आणि हात बांधून, न हसता, कुणाशी न बोलता उभे होते, बन्सीधररावांनी सांगितलं होतं अगदी तसे. येणारा-जाणारा त्यांच्याकडं पान मागत होता. तिसऱ्यांदा पान मागितल्यावर त्यांची मिशी थरथरू लागली. बन्सीधरराव नजरेला पडले, तेव्हा त्या नजरेत जे होतं ते पाहून बन्सीधररावांनी तबक छातीपर्यंत वर घेतलं, ढालीसारखं.

तेवढ्यात पेशकारानं, म्हणजे साहेबांच्या कारकुनानं, हाक दिली, “सिपासनामा! जनाब बन्सीधर साहब!”

सगळ्या माना फिरल्या. बन्सीधरराव तबक घेऊन पुढं आले. पेशकार त्यांच्या खांद्यावरून पलीकडं पाहत होता.

“बन्सीधर साहब कहाँ हैं?”

“मैं,” बन्सीधरराव म्हणाले.

“पानी बाद में. बन्सीधर साहब को बुलाव.”

“जनाब, मैंइच बन्सीधर हूँ.”

पेशकारानं बिल्ला पाहिला, चेहरा पाहिला, पुन्हा बिल्ला पाहिला. दुसरी जागा न दिसल्यानं बन्सीधररावांनी तबक त्याच्याच हातांत दिलं आणि सुभेदारसाहेबांसमोर पायरीशी जाऊन उभे राहिले. आता कागद काढायचा. कागद बंडीत, बंडी अचकनीत, अचकन पटक्यात. त्यांनी आधी पटका सैल केला. बिल्ला सुटला, दगडी पायरीवर ठणठण आपटला आणि गोल गोल फिरत सुभेदारसाहेबांच्या बुटाशी जाऊन आडवा झाला.

सुभेदार पिकल्या दाढीचे, बारीक डोळ्यांचे गृहस्थ होते. त्यांनी स्वतः वाकून बिल्ला उचलला.

“ये क्या है?”

खोटं बोलायला जागा असती तर बन्सीधरराव बोललेही असते. आजवर बोलतच आले होते. पण मागं एक देशमुख आणि एक व्यापारी त्यांच्या शब्दावर वाढपी होऊन उभे होते.

“हुजूर, मैं समझा था, ये बगलूस है.”

सुभेदारांनी आपल्या कमरेच्या जरीच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. “और ये?”

“अब मालूम हुआ हुजूर, बगलूस वो है.” एकदा तोंड उघडल्यावर ते थांबेनात. आपल्या मोडक्या दख्खनीत त्यांनी सगळं सांगून टाकलं. खिडकी, फाटक, दोनदा हुकलेली परीक्षा, आणि आपल्या भरवशावर असा पेहराव करून आलेले दोन इज्जतदार गृहस्थ. “उनकी कुछ ख़ता नहीं, हुजूर. वो तो शेरवानी में आ जाते. मैंइच उनको अचकन में लाया. मैंने हैदराबाद पीछे से देखा.”

मग सुभेदारांच्या दाढीला हिसका बसला. ते हसायला लागले, आणि ते हसताहेत म्हटल्यावर अव्वल तालुकदार हसले, तालुकदार हसले म्हणून तहसीलदार, आणि मग मांडवात हसायचे राहिले ते फक्त माणिकराव.

“पढो, पढो,” डोळे पुसत सुभेदार म्हणाले.

बन्सीधररावांनी तीन गुंड्या सोडल्या, पोटभर श्वास घेतला, केळीचं पान सोडून कागद काढला. पहिलंच वाक्य त्यांनी रात्र जागून घोटून घोटून लिहिलं होतं: ‘हम सब हुजूर के अदना ख़ादिम आज ख़िदमत में हाज़िर हैं.’ ख़ादिम म्हणजे नोकर. ते वाचल्यावर मांडव पुन्हा कोसळला, आणि या खेपेला बन्सीधररावांनाही हसू आवरेना. पंधरा वर्षं लोकांना दावतीत हसू नका म्हणून सांगणारा माणूस कागद तोंडावर धरून पोट दाबून हसत होता. कसाबसा सिपासनामा पुरा झाला. शेवटी वालूर ते देवगाव फाटा या अडलेल्या रस्त्याची मागणी होती. सुभेदार म्हणाले, “अच्छा है. इसकी बाक़ायदा अर्ज़ी लिखवाव. यहाँ कोई अर्ज़ीनवीस मिलता है?”

“मैंइच हूँ, हुजूर,” बन्सीधरराव म्हणाले.

त्यांना आणि धोंडप्पांना मेजावर बसवलं. माणिकरावही आले, पण बन्सीधररावांपासून तीन खुर्च्या सोडून बसले. जेवण सुरू झालं आणि कुणीतरी मागून बन्सीधररावांच्या खांद्याला हात लावला. तो पांढऱ्या दाढीचा खानसामा होता, हातात सुभेदारांनी मेजावर ठेवलेला तो पितळी बिल्ला. चेहरा भयंकर रागावलेला.

“मेहमान होंगे तुम. मगर मेरे कपड़े पहने, तो ठीक पहनना था,” तो हळू आवाजात म्हणाला. “बिल्ला पेट पर कौन लगाता है? बाएँ बाजू लगता है. तबक पेट को टेकता ना! मेरा छोकरा ऐसा बाँधता तो मैं निकाल देता.”

आणि त्यानं भर मेजावर, चार अमलदारांसमोर, बन्सीधररावांना उभं करून पटका सोडला, दोन वेढे दिले, गाठ मागं घेतली आणि बिल्ला डाव्या कमरेला बसवला. मग एक पाऊल मागं सरून पाहिलं आणि मान हलवली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच बन्सीधररावांचा पेहराव कुणाला तरी बरोबर वाटला होता.

घरी आल्यावर त्यांनी नर्मदाबाईंना काही न लपवता सगळं सांगितलं. त्या चुलीपुढं बसून ऐकत होत्या. ‘पानी बाद में’ हे ऐकल्यावर त्यांनी पदर तोंडात कोंबला. शेवटी म्हणाल्या, “कागद वाचला का न्हाई, ते सांगा.”

“वाचला.”

“मग झालं. जेवलात का उपाशी वाढीतच व्हता?”

दुसऱ्या दिवशी अदालतीसमोर बातमी त्यांच्या आधी पोचली होती. पक्षकार, वकील, चपरासी सगळे चिंचेखाली जमले. बन्सीधररावांनी पेटी उघडलीच नाही, उभं राहून सगळा प्रकार अथपासून इतिपर्यंत सांगितला. खानसामाचा आवाज काढला, बिल्ला कसा गरगरत गेला ते दाखवलं. लोक हसत होते, आणि त्यांना आतून मोकळं मोकळं वाटत होतं. पंधरा वर्षं जपलेली अब्रू एका संध्याकाळी गेली, आणि तिचं ओझं किती होतं ते गेल्यावर कळलं.

माणिकराव सहा महिने बोलले नाहीत. मग एक अर्ज लिहायचा होता म्हणून आले, पण नजर झाडाच्या शेंड्याकडं ठेवूनच सगळं सांगितलं.

पुढच्या थंडीत पालमचा मुंजाजी नावाचा जवान जमीनदार कार्ड घेऊन चिंचेखाली आला. “बन्सीधरराव, दावतीला काय घालावं म्हंता?”

“काळी शेरवानी,” बन्सीधरराव म्हणाले. “गळ्यापस्तोर बंद.”

“आन् पगडी कसली? बूट कसले? उजवा पाय आधी टाकायचा का डावा?”

“ते मला माहीत न्हाई.”

मुंजाजीनं कार्ड परत खिशात घातलं. हा माणूस काहीतरी लपवतोय, असं त्याला वाटलं असावं. मग तो उठला आणि रस्त्यापलीकडं लिंबाखाली नव्यानं बसू लागलेल्या अर्जनविसाकडं गेला. त्या अर्जनविसानं हैदराबाद कधी पाहिलं नव्हतं. बन्सीधरराव ऐकत होते. तो दोन्ही हात हलवून, अगदी ठामपणे, सगळं काही सांगत होता.